पिवळं दार

मंगळ. ४ नोव्हें.
सुमन परत धडकली. बेडरूमचं दार अर्धवट उघडं, कड कपाळाला. हे टेंगूळ! डॉक्टरांनी मागंच बजावलंय, काचबिंदूनं गेलेली नजर परत येणार नाही, निदान घरातली दारं ठळक रंगाची करून घ्या. रंग हिनंच ठरवला. पिवळा. सागवानी दारांना पिवळा! तीस वर्षांपूर्वी रविवार घालवून स्वतःच्या हातानं लाखेचं पॉलिश केलंय मी. गडद तांबूस. राजारामपुरीतली माणसं मुद्दाम बघून जायची. असो. बायको महत्त्वाची.

शुक्र. ७
सर्जेराव रंगारी आला. आधी बेडरूमचं दार. आल्या आल्या पॉलिशपेपर काढला. म्हटलं, घासू नका, वरनंच हात मारा.
"काका, रंग धरायचा न्हाय."
"मारा म्हणतो ना!"
मारला.

शनि. ८
पिवळ्यातून तांबडं वर आलंय. गोवर आल्यासारखं दिसतंय दार. दुसरा हात मारायला लावला. डोकं उठलंय वासानं.

सोम. १०
तरी तांबडं आहेच. कडीजवळ नखानं पापुद्रा निघतो. सर्जेरावला फैलावर घेतलं, रंग भेसळीचा म्हटलं. त्याचा आवाज माझ्याहून वर.
"घासायला तुम्हीच न्हाय म्हणालासा की! जुनं पॉलिश सुटतंय त्ये. खरवडू द्या, न्हायतर दुसरा माणूस बघा."
सुमन आतून ऐकत होती. "तुम्हीच नको म्हणालासा?" एवढंच. चूक माझीच. कपाळ तिचं फुटतंय आणि मी पॉलिश जपत बसलोय. लाज वाटली. सर्जेराववरचा राग आहे तो आहेच.

गुरु. १३
घासतोय. दुसऱ्यानं घासलेलं बघवेना, मीही पेपर घेऊन बसलो. तांबडी भुकटी नाकात, चहात, सगळीकडं. सर्जेराव म्हणतो, "हात बसलाय की काका!" गप्प बस म्हटलं. संध्याकाळी डाग दाबणारा प्रायमर.

रवि. १६
पिवळंजर्द. एक डाग नाही. दार अर्धवट उघडं ठेवलं, सुमनला हाक मारली. आली. दाराशी थांबली, नीट वळसा घालून बाहेर.
"दिसतंय?"
"दिसतंय की! झेंडूवानी."
बोटांना ओला रंग लागला होता तिच्या. टर्पेंटाइनच्या चिंधीनं पुसून दिला. सर्जेराव विचारतोय, बाकीची चार दारं कधी घासायला घ्यायची. उद्या सांगतो म्हटलंय.