झोपलेला चेंडू

१२ फेब्रुवारी, रविवार

चि. धाकटोबास,

ताईचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे त्यांच्या त्यांच्या मतानुसार चालतात. तू पाठवलेले बूट तुझ्या लेकीला दोन बोटं मोठे होतात. आठ महिन्यांत पोर किती वाढली असेल याचा हिशेब तू अंदाजपंचे दाहोदरसे केलेला दिसतो. असो. पुढे कापूस कोंबून भागवलं.

तू फोनवरून नाव घातलंस त्या फुटबॉलच्या वर्गाला गोटीला दर रविवारी नेते. चार-चार वर्षांची बारा मुलं. गोल कुठल्या बाजूला करायचा यावर अजून एकमत नाही. एक जण गवत उपटतो, एक जण चेंडूवर बसून राहतो. शिकवणारी विशीतली पोरगी आहे, पण हुशार. ती खेळ शिकवतच नाही, गोष्ट सांगते. चेंडू म्हणजे बाळ. त्याला पायापायाने फिरवून आणायचं, कुणाला धक्का लागू द्यायचा नाही. शिट्टी वाजली की त्यावर पायाचा तळवा ठेवून थांबवायचं. त्याला ती म्हणते, "बाळाला झोपवा!"

आज शिट्टी वाजली. अकरा बाळं झोपली. गोटीचं घरंगळत कुंपणापर्यंत गेलं.

"झोपव ना गं त्याला," ती पोरगी म्हणाली.

"नको. झोपलं की उठत नाही."

"उठतं की! हे बघ, पायाने हलवायचं."

तिने हलवून दाखवलं. उठलं. गोटीने तीनदा झोपवलं, तीनदा उठवलं आणि धावत माझ्या बाकापाशी आली.

"आत्या, आईला कुणी हलवलंच नाही का?"

'आई झोपलीय' हे वाक्य तुझं. तीन दिवसांसाठी आलास, तिला तेवढं सांगितलंस, आणि "बाकीचं मी येऊन सांगेन, तोवर तू तोंड उघडू नकोस" असं मला बजावून गेलास. जन्मभर लोकांच्या पोरांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारत आले, आणि घरातलं हे एक चुकीचं क्रियापद आठ महिने तसंच चालू दिलं. सोयीचं होतं रे. तुझ्या नावावर खपत होतं. गोटीच्या आईने मला माफ केलं नसतं.

आज सांगितलं. तिच्या बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता. "आई मेली, गोटी. हलवलं असतं तरी उठली नसती."

संस्कृतातला मृ धातू मोठा चमत्कारिक. वर्तमानकाळात आत्मनेपदी, भविष्यकाळात परस्मैपदी. मरणं ज्याचं त्याचं. पुढचं सगळं दुसऱ्यांच्या गळ्यात. वर्गात हे सांगून मी दरवर्षी हशा मिळवते.

रडली नाही. नाडीच्या गाठीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि बाबा?"

"बाबा नाही मेले."

"झोपलेत?"

"नाही गं. जागे आहेत."

"मग?"

धाकटोबा, तिथे माझं व्याकरण संपलं.

दुसरे बूट पाठवू नकोस. मापाला पाय लागतो, आणि तो इथे आहे.

पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहायची रीत. तुला आजवर शंभरदा सवयीने लिहिलं. या खेपेला अर्थासकट लिहिते आहे.

कळावे.

ताई