चमचाभर दही

१४ नोव्हेंबर

प्रिय मुंगे,

आज दूध घेतलं, दोन कपडे वाळत घातले. दुपारी तुझ्या आईची उरलेली औषधं दवाखान्यात परत देऊन आलो. तिथल्या नर्सनं विचारलं, वेळेवर जेवता ना? हो म्हणालो. आईला जाऊन आज चाळीस दिवस झाले.

तिचं विरजण मी चालू ठेवलंय. रोज कपभर दुधाला लावतो. एकट्याला तेवढंही संपत नाही.

तू पाच वर्षांची असताना अँटिबायोटिकनं तुझं पोट बिघडलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दही द्या, चांगले जंतू पोटात घर करतील. आईनं ते इतकं मनावर घेतलं, की घरात कुणी शिंकलं तरी वाटी पुढे यायची. मग तू जंतूंचंच शास्त्र शिकलीस आणि एका सुट्टीत सांगितलंस, घरबिर काही करत नाहीत, बहुतेक चार दिवस राहतात आणि जातात. मग तुझ्या आत्यापेक्षा बरे, आई म्हणाली. आत्या समोरच बसली होती.

पुढे माझ्या दाढेच्या वेळी तू प्रोबायोटिकच्या कॅप्सूल पाठवल्यास. दोन वर्षांनी तुझाच फोन, की अँटिबायोटिकनंतर त्या घेतल्या तर काही जणांचे स्वतःचे जंतू परतायला उलट उशीर लागतो. जंतू कुठल्या जातीचा आणि पोट कुणाचं, यावर सगळं आहे. एकदा काय ते ठरवा बाई, आई वैतागली. तू म्हणालीस, आम्ही ठरवत नाही गं, तपासतो. ते वाक्य तिनं शेजारीपाजारी कितीदा ऐकवलं असेल!

म्हणून तिच्या पांढऱ्या पेशी उतरल्यावर तू दही बंद म्हणालीस, तेव्हा तिनं वाद घातला नाही. डॉक्टरही तेच म्हणाले होते. इतक्या अशक्त शरीरात चांगला जंतूही रक्तात शिरू शकतो. मी वाटी फ्रीजमध्ये मागे सरकवली.

शेवटच्या सोमवारी तिनं मागितलं. तोंडाला चव नाही म्हणाली. मी एक चमचा दिला. आंबट झालंय, तुम्हाला जमत नाही, म्हणाली आणि हसली. बुधवारी ताप चढला. शुक्रवारी ती गेली. त्या चमच्याचं मी कुणालाच सांगितलं नाही.

तो ताप त्या चमच्यानं आला का? फोनवर तू मुलगी म्हणून उत्तर देशील, म्हणून लिहितोय. आईला सांगायचीस तसं तपासून सांग. कळण्यासारखं नसेल, तर तसं सांग. उत्तर काहीही असो, तुझी खोली झाडून ठेवलेली आहे.

दूध कोमट झालं असेल. बोट बुडवून पाहतो, विरजण लावतो आणि झाकण ठेवतो.

तुझेच,
बाबा