टांटीला आडनाव हवं

शनिवार, १ फेब्रुवारी

फजिती! सेकूंच्या गिटारच्या क्लासला डबा घेऊन गेले — चवळीची उसळ. झाकण काढलं आणि अख्खी खोली हसायला लागली. सेकू मूळचे आफ्रिकेतल्या गिनीचे, ग्रिओ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गाणं-वाजवणं करणाऱ्या घरातले. त्यांच्यात ठरावीक आडनावांच्या लोकांनी एकमेकांना चिडवायचंच असा रिवाज आहे, आणि चिडवायचा हुकमी शब्द म्हणजे 'चवळीखाऊ'! मी आपली स्वतःहून डबा भरून हजर. वर "घ्या ना थोडी" असा आग्रह. सेकूंनी दोनदा घेतली, हेही लिहून ठेवते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

वैताग. पुन्हा तोच तुकडा. अंगठा आणि तर्जनी, दोनच बोटं — गोल गोल, संपतच नाही. मला ती वरची भरभर पळणारी सुरावट हवीय! सेकू म्हणाले, "ते पाहुणे. तू घर सांभाळ." लिहून घ्यायला वही काढली तर उचलून गिटारच्या केसमध्ये टाकली. "ऐक फक्त." इथे परदेशात हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर अक्षर न् अक्षर तपासणारी मी. न लिहिता मला काही येतं का?

शनिवार, ८ मार्च

जमलं!! सेकू शेजारी बसून फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत होते, मी वाजवत होते, आणि मध्येच लक्षात आलं — मी मनात मात्रा मोजतच नाहीये. बोटं आपली चाललीत.

सगळ्यावर पाणी फिरवलं ते टांटीने. फान्ता, सेकूंची थोरली बहीण. सगळे तिला टांटी म्हणतात, आपल्या मावशीसारखं. ती गाते, समोरच्याच्या घराण्याची थोरवी. चहा घेताना तिने सहज विचारलं, "तुझं आडनाव काय गं?"

हा प्रश्न मी चांगला ओळखते. म्हटलं, "नुसतं राजश्री."

"नुसत्या राजश्रीवर मी काय गाऊ?" टांटी खरंच नाराज झाली.

रविवार, ९ मार्च

तिला काय सांगू? पासपोर्टवर आहे वडगावकर. ते बाबांनी घेतलेलं. आधीचं वाघमारे. ते ऐकलं की पुण्यात कुणी खोली देईना. "आमच्यात चालत नाही" म्हणून दार लावून घ्यायचे. बाबांनी नाव बदललं, खोली मिळाली, पुढे फ्लॅटही झाला. सोसायटीत आजही कुणाला पत्ता नाही. घरात तो शब्द काढायचा नाही. माझ्या नवऱ्याने, राकेशने एकदा फोनवर थट्टेत काढला तर बाबा कितीतरी दिवस जावयाशी बोलले नाहीत.

बाबांना दुखवायचं नाही. बस्स.

सोमवार, १४ एप्रिल

इथल्या जयंतीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी धरलं — वाजव, वाजव! वाजवला माझा एकुलता एक तुकडा. राकेश म्हणे, "छान. गाणं कधी सुरू होणार?" मेला!

रविवार, २० एप्रिल

सेकूंना नात झाली! पुढच्या रविवारी बारसं, त्यांच्यात आठवड्यातच करतात. आणि साथीला मी! मी!!

फक्त एक घोळ आहे. वाजवणाऱ्यांचंही घराणं टांटी गाणार. वडगावकर सांगायचं, ठरलं. बाबा रोज विचारतात, "कधी वाजवणार?" व्हिडिओ त्यांना पाठवावाच लागणार.

रविवार, २७ एप्रिल

इथल्या हायसन ग्रीन वस्तीतला हॉल खच्चून भरलेला. भाताच्या पराती, कडक इस्त्रीचे रंगीबेरंगी झगे, आणि जिच्यासाठी हे सगळं ती बया गाढ झोपलेली. सेकू वर पळत होते, मी खाली घर सांभाळत होते. टांटी गात गात एकेकापुढे थांबत माझ्यापुढे आली. माइक खाली केला.

"कुणाची तू?"

वडगावकर म्हणायला तोंड उघडलं. आणि निघालं — वाघमारे!

"म्हणजे?"

"वाघ मारणारे."

हॉल उठला की हो! त्यांच्यात शिकाऱ्यांच्या घराण्याला मोठा मान. एक आजोबा तर काठी टाकून नाचायला लागले. टांटीने नाव धरलं ते वर, आणखी वर नेलं. वडिलांचं नाव विचारलं, आजीचं विचारलं. भगवानची लेक! रंभाबाईची नात! आमच्या घरात तोंडातून काढायचंही नाही ते नाव, ही बाई छाती भरून गात होती. मी ढसाढसा रडत होते आणि अंगठा चालूच. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

घरी येऊन बघते तर राकेशने व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकलेला! न विचारता! बाबांनी पाहिलाय, निळ्या खुणा दिसतायत. फोन केला, उचलला नाही. मी त्यांचं आयुष्यभराचं झाकलेलं उघडं केलं. आता काय करू?

सोमवार, २८ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत बाबांचा फोन. "राजू, त्या गाण्याचा आवाज अजून मोठा कसा करायचा? गॅलरीचं दार उघडून ठेवलंय. सोसायटीतले सगळे खालीच बसलेत."