तोतया फळी

१ सप्टेंबर, सोमवार
संकल्प. या महिन्यात इलेक्ट्रिक गिटार बनवायची. विकत नाही, घरी. मी आणि कन्या मिळून.

कल्पना तिची. (मला आधीच सुचली होती, बोललो नव्हतो इतकंच.) २८ ला ती शिकायला परगावी चालली. त्याआधी बाबा, आपण दोघांनी मिळून काहीतरी एक करू या, म्हणाली. शिकवण्यांच्या पैशांतून तिने गिटारीची तयार मान आणलीय, तारा पिळायच्या खुंट्या आणल्यात, पिकअपही आणलेत. पिकअप म्हणजे तारांखाली बसवायची चुंबकं. राहिली फक्त बॉडी, म्हणजे लाकूड. लाकूड खातं मी स्वतःहून माझ्याकडे घेतलं.

विमा कंपनीत खोटे क्लेम पकडण्यात आयुष्य गेलं. जळालेलं गोदाम बघून सांगतो, आग लागली की लावली. मला कोण काय लाकूड विकणार?

दोन दिवसांत लाकूड. आठवड्यात गिटार. उरलेल्या दिवसांत वाजवायला शिकणे.

२ सप्टेंबर, मंगळवार
नेटवर वाचलं. लाकडाला टोन असतो. बोटाच्या पेराने टकटक करायचं, मग लाकूड बोलतं. लगेच सराव. जेवणाचं टेबल बद्द. कपाट पोकळ, अपेक्षितच, मेहुण्याच्या ओळखीच्या दुकानातलं. बाथरूमचं दार उत्तम, छान घुमतं. आतून बायको ओरडली की या घरात दोन मिनिटं सुखाने अंघोळही करू देत नाहीत.

यापुढे रिकाम्या खोल्यांचीच दारं तपासावीत.

४ सप्टेंबर, गुरुवार
ऑफिसातून परस्पर वखारीत. वखारवाला गोड बोलतो. गोड बोलणारा दुकानदार आणि न मागता बिलं जोडणारा क्लेमवाला, दोघांपासून चार हात लांब राहावं. महोगनीची फळी काढून म्हणाला, साहेब, डोळे झाकून घ्या. का झाकू? उघडे ठेवले तर काय दिसेल? असं सरळ विचारलं. तो हसला. त्या हसण्यात काहीतरी होतं.

फळ्यांवर टकटक करत फिरलो. त्याच्या कारकुनाने आतून दोनदा विचारलं, कोण आहे?

घेतली नाही. कन्या दारातच उभी, मिळाली का म्हणाली. समजावलं की घाईत घेतलेलं लाकूड आणि घाईत केलेली सही, दोन्ही पुढे रडवतात. बरं म्हणाली. कौतुक वाटलं असावं.

६ सप्टेंबर, शनिवार
घेतली. तीच महोगनी. वखारवाल्याने मी न बोलताच भाव कमी केला. खोट असल्याशिवाय कोणी असं करेल? म्हटलं, नको, मूळ भावानेच घेतो. तर तो आणखीनच खूश झाला. हेही बरं लक्षण नाही.

कन्या फळी बघून उड्या मारायची बाकी. गिटारीच्या आकाराचा कागद तिने कापूनच ठेवला होता. उद्याच कापू या बाबा, मामाकडे वळणदार आकार कापायची मशीन-करवत आहे, म्हणाली. म्हटलं, थांब. लाकडाला आधी आपल्या घरची हवा मानवली पाहिजे. निदान आठवडाभर.

गुपचूप केलेलं काम: फळीच्या कोपऱ्यात काळ्या मार्करने सही केली. माझी पूर्ण सही, खालच्या रेघेसकट, दोन टिंबांसकट. अदलाबदल झाली तर कळावी. कोणाला सांगितलेलं नाही. घरच्यांना तर नाहीच नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
मेहुणा टपकला. म्हणाला, दाजी, कशाला डोकं खाताय स्वतःचं? इलेक्ट्रिक गिटारीत तारेची थरथर चुंबक पकडतं, फळी नुसती सगळं धरून ठेवते. जुन्या दाराची केली तरी वाजेल.

म्हणजे मी जुन्या दाराची करावी. मग माझी महोगनी उरेल. उरली की कोण म्हणेल, दाजी, मला द्या?

जाण्याआधी फळी उचलून उलटसुलट केली, परत भिंतीला टेकवली आणि म्हणाला, फळी मात्र झकास आहे हं. आता झकास!

११ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी नव्या मुलांना ट्रेनिंग दिलं. सांगितलं, कुठलाही कागद आला की आधी पालथा करून बघा, भानगड नेहमी पाठीमागे असते. मुलं लिहून घेत होती. बरं वाटलं.

दुपारी एक प्रकार झाला. साहेबांच्या केबिनचं दार जुनं, भरीव लाकडाचं. जाता जाता टकटक केलं. आतून आवाज आला, आत या. गेलो. काय काम म्हणाले. काम काहीच नव्हतं. सुचेना, म्हणून विचारलं, साहेब, काही मदत हवी होती का? इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलेलं नसावं. पुराच्या क्लेमच्या सगळ्या फायली आता माझ्या टेबलावर. शनिवारीही यायचं.

दाराचा टोन मात्र अप्रतिम.

१४ सप्टेंबर, रविवार
आज कापायची होती. कन्या कागद आणि पेन्सिल घेऊन तयार.

फळीवर सही नाही!

चारही कोपरे बघितले. दोनदा. चष्मा पुसून तिसऱ्यांदा. गुळगुळीत. फळी बदललेली आहे. समोर आहे ती तोतया.

संशयित बरेच. वखारवाला. मेहुणा, कारण त्याने हात लावला आणि झकास म्हणाला. पाण्याचा फिल्टर बदलायला आला होता तो माणूस, कारण त्याची पिशवी गरजेपेक्षा मोठी होती. बायकोची उलटतपासणी घेतली. ती म्हणाली, कुठला चोर घरात शिरून फळी नेईल, आणि जाताना हुबेहूब तशीच दुसरी ठेवून जाईल? हीच तर त्यांची हुशारी. भोळी आहे बिचारी.

कन्या म्हणाली, पण बदलली हे कशावरून? खूण फोडली की टोळी सावध होते, त्यामुळे सांगता येईना. चौकशी चालू आहे, एवढंच म्हटलं. ऑफिसात क्लेमवाल्यांना म्हणतो तसं. तिने कागदाची घडी घालून पुस्तकात ठेवली.

१६ सप्टेंबर, मंगळवार
अर्धी रजा टाकून तोतया फळी काखेत मारली आणि वखारीकडे निघालो. बायको म्हणाली, काखेत कळसा न गावाला वळसा. म्हण चुकली तिची. काखेत फळी होती.

वखारवाल्याचं गोड बोलणं आज कुठल्या कुठे गेलं. आमच्या वखारीत आजोबांपासून असलं कधी घडलं नाही, फळी तीच आहे, म्हणून ओरडला. इतका चिडला याचाच अर्थ चोराच्या मनात चांदणं. मग एकदम शांत होऊन त्याने विचारलं, साहेब, गिटार वाजवता येते का तुम्हाला? म्हटलं, अजून नाही. तो कारकुनाकडे वळून म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. हळू म्हणाला, पण मला ऐकू गेलं.

फळी त्याने परत घेतली नाही. घरी आणून बाल्कनीत दोन विटांवर आडवी टाकली. चपला ठेवायला. तोतयाची तीच लायकी. वरची बाजू गुळगुळीत असल्यामुळे चपला शोभतात.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
नवा शोध. सागवान जड आहे, कन्येचा खांदा उतरेल. पाईनला गाठी. तिसऱ्या दुकानात पाय ठेवताच मालक म्हणाला, ते टकटकवाले साहेब तुम्हीच का? वखारवाल्याचा फोन आला होता म्हणे. टोळी आहे हे सिद्ध झालं.

जेवताना कन्या म्हणाली, बाबा, नऊ दिवस राहिले. मला कुठलीही फळी चालेल. म्हटलं, कुठलीही कशी चालेल, तुझ्यासाठी आहे ती. ती उठली. ताट उचलून आत गेली, अर्धी पोळी तशीच टाकून.

फार वाईट वाटलं. उठून आत जावं असंही वाटलं. पण दर्जा म्हणजे दर्जा.

उद्या शनिवार. पुराच्या फायली.

२३ सप्टेंबर, मंगळवार
घरात काहीतरी शिजतंय.

कन्या रोज मामाकडे जाते. विचारलं तर, सहज. काल तिच्या केसांत भुसा होता. आज बोटांना पॉलिशचा वास. मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजतात आणि मी गेलो की एकदम भाजीचे भाव सुरू.

आणि बाल्कनीतली फळी नाहीशी! विटा आहेत, चपला जमिनीवर आहेत, मधली फळी नाही. बायकोला विचारलं. म्हणाली, चपला खालीच बऱ्या. इतकं सरळ उत्तर तिने मला लग्नानंतर प्रथमच दिलं.

टोळी आता पुरावा नष्ट करतेय. मेहुणा सामील आहे. बायको कदाचित. कन्या? तिचं नाव लिहिताना हात थांबला. पण कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आणि इथे तर प्रकरणच लाकडाचं.

संकल्प: शुक्रवारी धाड.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
ऑफिसातून लवकर निघून मेहुण्याच्या घरामागे गेलो. गॅरेजचं शटर खाली. आत उजेड. कान लावला.

आतून गिटार वाजली. एकच तार. लांब, भरीव, अंगभर जाणारा आवाज. माझा कान फसत नाही. अस्सल महोगनी! माझी मूळ, चोरीला गेलेली फळी. त्या तोतयातून असा टोन निघणं शक्यच नाही.

शटर वर ढकललं आणि म्हटलं, सापडलात!

कोणीच दचकलं नाही. मेहुण्याच्या हातात ब्रश. बायको स्टुलावर, पायाशी चहाचा थर्मास. कन्येच्या मांडीवर गिटार. म्हणाली, बाबा, आज रात्री घरी आणून दाखवणारच होतो. ती चपलांची फळी आहे ना, तीच. तुम्ही टाकून दिली होती म्हणून विचारलं नाही.

म्हटलं, पाठ दाखव.

तिने गिटार पालथी केली. खालच्या कडेला माझी सही. रेघ. दोन टिंबं.

कागद सरकवून सही आकाराच्या आत घेतली, मामा घासून काढत होता, मी काढू दिली नाही, असं ती म्हणाली. वरून पॉलिशचा हात दिलाय, आता कधीच जाणार नाही. तुम्ही केव्हा करून ठेवली होती ही? मला तर वाटलं होतं, तुम्हाला माझ्याबरोबर गिटार करायचीच नाहीये, म्हणून नुसती कारणं देताय. मग फळी उलटी केली आणि ही दिसली. तेव्हा कळलं, तुम्ही पहिल्या दिवशीच सही करून ठेवली होती. एवढं बोलून थोडी रडली.

मेहुणा म्हणाला, चित्रकार शेवटी सही करतात, दाजींनी आधीच केली. त्याच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता.

मी काय सांगणार होतो? हो म्हटलं. तुझ्यासाठीच केली होती म्हटलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं. थर्मासमधला चहा ओतून माझ्या हातात दिला.

२८ सप्टेंबर, रविवार
कन्या गेली. स्टेशनवर गिटार खांद्याला, हातात बॅग. सुट्टीत आले की तुम्हाला वाजवायला शिकवीन म्हणाली. मला बोलायचं होतं बरंच काही. तोंडातून निघालं ते असं: प्रवासात कोणाच्या हातात देऊ नकोस, अदलाबदल होते.

ती म्हणाली, सही आहे ना, बाबा.

२९ सप्टेंबर, सोमवार
शांतपणे विचार केला. लाकूड शेवटी निवडलं कोणी? मीच. पहिल्याच भेटीत निवडलं होतं. कान तयार असल्याचं लक्षण. मान तिने आणली, कापलं मामाने, घासलं दोघांनी, चहा बायकोने पुरवला. सही माझी. वखारवाल्याची माफी मागावी का? बघू. तोही थोडा चुकलाच, इतकं ओरडायला नको होतं.

कन्येने माझ्या टेबलावर फळीचा उरलेला तुकडा ठेवलाय. कडा घासून गुळगुळीत केलेला. आधी पालथा करून बघितला. मागे काही नाही.

मग पेराने टकटक केलं. खरंच सुंदर बोलतं.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, दार उघडंच आहे.

तरी उठून बघून आलो. कोणी नव्हतं.