छपाईपुरतं बंद

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

कुंडलचे दादासो दुकानात आले होते. आईच्या, हरणाबाईंच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स गेल्या आठवड्यात आमच्याकडूनच नेला होता. आता पेन ड्राइव्हमधले तिचे फोटो दिसत नाहीत — नुसते शॉर्टकट! आमच्यावर संशय नाही. राग सुनेवर, प्रांजलवर. "तिनंच लॅपटॉपला लावला. म्हातारीचं तेवढंच हुतं ताई." घरात तिच्याशी कोणी बोलत नाही म्हणे. ती सांगते, मी लावला तेव्हाच तसं होतं.

तो आमच्याही कॉम्प्युटरला लागला होता, हे मी सांगितलं नाही. का?

मंगळवार

विश्वजितला म्हटलं, आपला कॉम्प्युटर एकदा सगळा तपासून घेऊ. धाकटा दीर, छपाई तोच बघतो. हसला. "वहिनी, अँटिव्हायरसची हिरवी टिक हाय न्हवं? राखणदार ठिवून आपणच शेताला फेऱ्या मारायच्या व्हय?"

पटलं. म्हणजे, पटवून घेतलं.

बुधवार

हिरवी टिक. दिवसभर तिच्याकडेच बघतेय.

गुरुवार

छपाई सुरू करताना विश्वजित अँटिव्हायरस बंद करतो! पहिल्यापासून. मला ठाऊक होतं. रोज डोळ्यांसमोर आहे. चालू ठेवला की मशीन अडखळतं आणि फ्लेक्सवर पांढरा पट्टा येतो, असं तो म्हणतो. एकदा एका पुढाऱ्याच्या ऐन नाकावर आला होता. छपाई झाली की पुन्हा चालू, पुन्हा हिरवी टिक.

पण मधल्या वेळात आत शिरलं ते? टिक मागचं शोधत नाही, ती फाइल कोणी उघडेपर्यंत ते पडून राहणार. आणि गिऱ्हाइकाचा खोळंबा नको म्हणून आम्ही छपाई चालू असतानाच पुढचा पेन ड्राइव्ह लावतो. दादासोंचाही तसाच लावला असेल.

खरं लिहायचं तर वेळ जाईल याची भीती नाही. सापडेल याची आहे. सापडलं की कुंडलला जाणं आलं.

शुक्रवार

स्कॅन लावला. मशीन थांबलं, विश्वजित धुसफुसत चहाला गेला. दुपारी सापडला, शॉर्टकट करणारा व्हायरस. तारखेवरून दिवाळीपासून आत होता.

विश्वजित म्हणाला, "कुणाला कळणार हाय, वहिनी?"

शनिवार

कुंडल. ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं — दोष आमचा, प्रांजलचा नाही. फोटो गेले नव्हते, लपले होते, काढून दिले. एका फोटोत हरणाबाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन शेताला निघालेल्या, हसताना.

दादासोंनी तो फोटो परत परत बघितला. मग आत बघून म्हणाले, ताईंना चहा ठेव. दारातून प्रांजल शांतपणे म्हणाली, "आज तुमी ठेवा, आबा."

ते उठले. साखर फार झाली होती. मी सगळा चहा प्यायले.

पण दिवाळीपासून किती पेन ड्राइव्ह आले असतील आमच्याकडे?

रविवार

दुकानावर फ्लेक्स लावायचा ठरवला: आमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस होता. दिवाळीपासून ज्यांनी पेन ड्राइव्ह दिले, त्यांनी तपासायला आणावेत. विश्वजित म्हणाला, "लोक हसतील." तरी छापायला तोच बसला. अँटिव्हायरस बंद करायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू दे चालू. पट्टा आला तर येऊ दे.

नाही आला.