गच्चीवरून पाहिलेला हंगाम

मोठे मेहुणे लज़हरभाई यांस,

मबरूकचा सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? गाबेसची हवा दमट, तेव्हा लोकरीची पट्टी सोडू नका. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे (म्हणजे मी एकटाच आहे आणि एकट्यापुरतं ठीक आहे). तुमची बहीण सालहा गेले पाच आठवडे तुमच्याकडे आहे. का आली ते तिने सांगितलं असेलच, पण तिच्या बाजूने. तिला परत पाठवा असं म्हणायला हे पत्र नाही. मी कुणाच्या मागे लागणारा माणूस नाही. फक्त यंदाचं फुटबॉलचं वर्ष कसं गेलं ते तुमच्यापुढे मांडतो, मग काय ते तुम्हीच ठरवा.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात आमच्या सफसाफ क्लबच्या लोकांनी मैदानात खुर्च्या फेकल्या (मी फेकली नाही, माझी खुर्ची पक्की बसवलेली होती). त्यामुळे संघटनेने शिक्षा दिली : यंदाचे पहिले चार सामने रिकाम्या स्टेडियमात, दरवाजे बंद. आता आमचं घर तुम्हाला माहीत आहे. गोलकीपर खोकला तर स्वयंपाकघरात ऐकू येतं. गच्चीवरून अख्खं मैदान दिसतं, हे मी फक्त किराणावाल्या मुन्जीला बोललो. मुन्जीला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, कबूल. पहिल्या सामन्याला गच्चीवर त्रेचाळीस माणसं होती.

नेमका तो ऑगस्टचा शेवट. गल्लीतल्या बायकांनी तीन दिवस बसून रव्याचे बारीक दाणे वळून वर्षाचा कुसकुस केला होता, वाफवला होता, आणि सालहाने आमचा वाटा गच्चीवर पांढऱ्या चादरीवर वाळत घातला होता. मी सगळ्यांना एका कडेला बसवलं, जोडे खाली काढायला लावले (हे तिने सांगितलं नसेल). अडतिसाव्या मिनिटाला आपला गोल झाला. आपला रंग पांढरा. माणूस अशा वेळी हाताशी जे पांढरं येईल ते फडकवतो. मीही फडकवलं. वर्षाचा कुसकुस कठड्यावरून थेट गोलपोस्टसमोर पडला, कबुतरं उतरली, आणि पंचाने सात मिनिटं खेळ थांबवला. वर तो गोलही ऑफसाइड निघाला. सालहा चाळणी घेऊन वर आली. गच्चीवर उरलेलं तिने उकिडवं बसून चाळलं. एका वेळचं निघालं. त्यानंतर वर्षभर दुकानातला विकतचा कुसकुस खाल्ला, आणि ताट पुढे सरकवताना ती दर वेळी म्हणायची, "घ्या, ऑफसाइड आहे."

चार सामन्यांनी शिक्षा संपायची, पण पंचाच्या अहवालात आमच्या गच्चीवरून ऐकू आलेल्या शिव्या शब्दशः उतरल्या, आणि शिक्षा हंगामभर वाढली. संघाचं म्हणाल तर घरचे तेरा सामने, जिंकलो तीन. थंडीत लोकांनी स्वतःच्या चटया आणून ठेवल्या, कोट टांगायला कठड्यात खिळे ठोकले, चहाची शेगडी आली. कपडे वाळत घालायची दोरी आमच्या झोपायच्या खोलीत आली. डिसेंबरभर मी माझ्याच ओल्या विजारीखाली झोपलो आणि तक्रार केली नाही. सालहानेही केली नाही, आणि तिथेच माझा अंदाज चुकला.

एप्रिलमध्ये एका सामन्याच्या दिवशी कपडे निदान कठड्यावर तरी वाळत घालावेत म्हणून ती धुण्याची टोपली घेऊन वर आली. जिन्याच्या तोंडाशी एक दाढीवाला बसला होता, कुठल्या मोहल्ल्यातला देव जाणे. तो तिला म्हणाला, "मावशी, इथे फक्त सभासदांना सोडतात." ती माझ्याकडे पाहत उभी राहिली असं मुन्जी सांगतो. मला दिसलं नाही, आपल्याला कॉर्नर मिळाला होता. मी मान न वळवता म्हणालो, "जागा नाही, नंतर ये." तिने टोपली खाली ठेवली आणि मध्यंतरापर्यंत ती गाबेसच्या गाडीत बसलेली होती. मला सामना संपल्यावर कळलं. बरोबरी झाली होती.

तेव्हापासून मी रोज अंडी आणि हरिसाची तिखट चटणी खातोय. घर खायला उठतं. मला तिच्यावाचून करमत नाही, हे लिहून टाकतो, पण तिला वाचून दाखवू नका.

आता परवाच्या रविवारचं. शेवटचा सामना, हरलो की खालच्या गटात. मी सकाळीच गच्चीच्या दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून गच्चीवर एकटाच बसलो. मुन्जी दारापलीकडून तीस वर्षांच्या मैत्रीची शपथ घालत होता. मी म्हणालो, "गच्ची सालहाची आहे. तिला विचारा." शेवटी सगळे शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढले. मी चुन्याची बादली घेतली आणि मैदानाकडे पाठ करून जिन्याची भिंत रंगवायला बसलो. चौऱ्याऐंशी सालापासून मी घरचा एकही सामना चुकवलेला नाही, लज़हरभाई. शिट्टी ऐकली, लाथ ऐकली, टाकीवरची बोंब ऐकली. वळलो नाही. आपण वाचलो हे आवाजावरूनच कळलं. आता खिळे काढलेत, चटया परत केल्यात, दोरी वर बांधली आहे.

तुमचा,
मबरूक

ता. क. पुढच्या हंगामापासून स्टेडियम उघडणार, तेव्हा मला गच्ची तशीही लागणार नव्हती, असं मुन्जी सगळीकडे सांगत फिरतो. त्याचं मनावर घेऊ नका.

आणखी एक. पाकीट चिकटवायला मुन्जीच्या दुकानात आलो तर त्याची बायको सांगते, रविवारी शेवटची दहा मिनिटं उरली असताना तिला गाबेसहून फोन आला. बाईचा आवाज. माझी चौकशी केली नाही, स्कोअर विचारला, आणि सामना संपेपर्यंत फोन ठेवला नाही. तुम्हाला तर फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, वहिनींनाही नाही. तेव्हा जी कोणी असेल तिला सांगा की एक-शून्यने जिंकलो एवढंच मुन्जीच्या बायकोला ठाऊक आहे. गोल कसा झाला ते मला विचारावं. (पेनल्टी होती, लज़हरभाई. एकदाच वळलो. हे मात्र तिला सांगू नका.) ती पेनल्टी कोणी मारली हे कळलं तर तिचा विश्वास बसणार नाही. पत्रात लिहिणार नाही. ऐकायचं असेल तर घरी यावं लागेल.