वाढत्या अंगाचं माप

९ ऑक्टोबर

चि. माऊ,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. चिंगीला वेगळे आशीर्वाद, कारण एकत्र दिले की आपल्या वाट्याला कमी आले असं तिला वाटतं. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझी आई समोर बसून शर्टाची बटणं निवडते आहे आणि मी काय लिहितोय ते मान लांब करून बघते आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण माझं अर्धं वाक्य होईपर्यंत फोन तिच्या हातात गेलेला असतो, हे तुला माहीत आहे. म्हणून कटिंगच्या कागदाचा तुकडा ओढला आणि लिहायला बसलो.

चिंगीला इथलं पाळण्यांचं पार्क दाखवायला कुठल्या सुट्टीत पाठवू असं तू विचारलं आहेस. माझं मत पक्कं आहे. हिवाळ्याच्या.

सहामाहीची सुट्टी ही सुट्टीच नव्हे. शाळा एका हातानं देते आणि दुसऱ्या हातानं अभ्यास लावून परत घेते. उन्हाळ्याचं तर नावच काढू नकोस. पार्कातल्या कामगारांचे शर्ट मी शिवतो, त्यामुळे मी सांगतोय ते ऐकीव नाही. मे महिन्यात मापं घ्यायला गेलो होतो, तर टेप लावायला घामानं न भिजलेला एक माणूस मिळेना. रांग दारातून निघते ती गाड्या लावतात तिथपर्यंत. बसायच्या जागा तव्यासारख्या तापलेल्या. हिवाळ्यात कसं, ऊन कोवळं, गर्दी बेताची, आणि तुझ्या आईचे गुडघेही त्या दिवसांत जरा सबुरीनं घेतात (हे तिनं वाचलं आणि मला कोपर मारलं).

तुझं म्हणणं मला कळतं. उन्हाळ्यापर्यंत पोरगी आणखी उंच होईल, मग 'वावटळी'त बसायला अडचण नाही. वावटळ म्हणजे तिथली ती सगळ्यात मोठी गाडी, रुळांवरून वर चढते आणि मग डोकं खाली, पाय वर. तिच्या दाराशी एक रंगवलेला खांब आहे. त्यावरच्या लाल रेघेला डोकं लागलं तरच पोराला आत सोडतात. पण तू त्याची काळजी करू नकोस. गेल्या खेपेला मी तिचं माप घेतलंय. रेघेला बरोबर लागते. जन्मभर टेप गळ्यात घालून फिरलेल्या माणसाचं माप आहे ते, शाळेतल्या भिंतीवरचं नव्हे.

खांबाशेजारी नियमांची पाटी आहे, तिच्यावर उंचीच्या खाली आणखीही दोन-तीन ओळी आहेत. त्या काही महत्त्वाच्या नाहीत.

चिंगी मागच्या वेळी निघताना मला बजावून गेली आहे. म्हणाली, "वावटळीत मी फक्त तुमच्याशेजारी बसणार आजोबा. आई डोळे मिटून घेते आणि बाबा शेजारच्यांना धीर देत बसतात." तेव्हापासून माझ्याही डोक्यात तेच फिरतंय. मला तिच्याशेजारी बसायचंय आणि याच हिवाळ्यात बसायचंय. हट्ट म्हण हवं तर. शिंप्यानं आयुष्यात एकदा तरी खाली मान घालायची सोडून वर बघावं की नाही?

उत्तर लवकर धाड, आणि ते हिवाळ्याचंच धाड.

तुझे,
बाबा

४ जानेवारी

चि. माऊ,

जावईबापू चिंगीला घेऊन काल सुखरूप पोचल्याचं कळलं. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतंय. तुझ्या आईनं सवयीनं तिचंही ताट मांडलं आणि मग स्वतःवरच चिडली.

चिंगीनं तुला तिच्या बाजूनं सगळं सांगितलं असेल. आता माझ्या बाजूचं ऐक.

पार्कात जायच्या दिवशी मी तिला नवी पॅन्ट घातली. मीच शिवलेली, बुटांवर बरोबर जमिनीला टेकणारी. आदल्या दिवशी सकाळी बुटांवर घालून पाहिली तेव्हा टेकली होती. बसमध्ये ती उभी राहिली, बघतो तर तीच पॅन्ट जमिनीपासून बोटभर वर. कापड प्रवासात आटत नाही. मी तिच्या बुटांकडे पाहिलं. तळ जाड झाला होता. आपल्या दुकानाशेजारी चपलावाला बसतो ना, त्याच्याकडे ही बया आदल्या दिवशी गुपचूप जाऊन एकावर एक तळवे लावून आली होती. कारण विचारशील तर असं, की आल्या आल्या तिनं दाराच्या चौकटीशी उभं राहून तुझ्या आईला आपल्या डोक्यावर पुस्तक धरायला लावलं होतं, आणि रेघेची उंची तिला पाठ असल्यानं आपण बोटभर कमी पडतोय हे तिचं तिनंच शोधून काढलं होतं. मला मात्र बोलली नाही. माझं माप चुकलं हे मला सांगायचा तिला धीर होईना.

माप चुकलं ते कसं, तेही सांगतो. पोरांचे कपडे शिवताना आम्ही वाढत्या अंगाचं धरतो. अंग आज आहे तेवढंच शिवलं तर सहा महिन्यांत सदरा पोटावर येतो आणि गिऱ्हाईक अंगावर. त्यामुळे समोर मूल उभं राहिलं की हात आपोआप दोन बोटं जास्तीची धरतो. चिंगीची उंची मोजतानाही हातानं तेच केलं. पोरगी पुढच्या वर्षीची मोजली आणि या वर्षी गाडीत बसवायला निघालो.

माऊ, बसमध्ये सगळं कळूनही मी गप्प बसलो. रांगेतही गप्प. मला बसायचं होतं तिच्याशेजारी. खांबाशी ती ताठ उभी राहिली, डोकं रेघेला लागलं. दारावरचा माणूस माझ्या ओळखीचा, अंगात मीच शिवलेला शर्ट. हसून म्हणाला, "मास्तरांची नात, सोडा आत." ती माझा हात धरून पुढे निघालीसुद्धा. तेवढ्यात समोरच्या गाडीत एका बारक्या पोराच्या खांद्यावर तो लोखंडी दांडा खाली आला, आणि पोरगा रेघेत बसणारा असूनही दांडा जेमतेम टेकला.  मापात नसलेलं अंगावर बसत नाही, सरकतं, हे मला कुणी शिकवायला नको.

मी म्हटलं, "हिचे बूट काढून मोजा."

तिनं माझा हात सोडला. बूट काढले, मोजली, बोटभर कमी. ती एवढंच म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात मी बसते म्हणून."  आम्ही बाकावर बसलो. तुझ्या आईनं पाणी दिलं, ते घेतलं नाही. मी तिला वाढत्या अंगाचं समजावून सांगितलं, चूक माझी आहे म्हटलं, आणि हेही सांगितलं की चूक माझी असली तरी माप ते मापच. टाचा उचलून किंवा तळवे लावून माणूस उंच होत नाही. तिनं बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडल्या आणि बांधल्या. मग नाक पुसून म्हणाली, "मग तुम्ही तरी जा. आत काय आहे ते कुणीतरी येऊन सांगायला पाहिजे ना?"

मग मी एकटा गेलो. शेजारी एक धिप्पाड गृहस्थ आले. पहिल्याच उतारावर त्यांनी माझा दंड धरला तो थेट शेवटी सोडला. चिंगी कठड्याशी उभी राहून हात हलवत होती, एवढं वरून दिसलं. उतरल्यावर तिनं मला एकेक वळण विचारून घेतलं. मी ओरडलो नाही, असं तिला सांगितलंय. तूही तेच सांग.

परतताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. झोपण्याआधी म्हणाली, "उन्हाळ्यात मी मापात बसेन, मग आपण दोघं." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

त्या पाटीवरच्या खालच्या ओळी मी तुला सांगितल्या नव्हत्या. पासष्ट पूर्ण झालेल्यांना वावटळीत बसता येत नाही. मला मार्चमध्ये पासष्ट पूर्ण होतात. गिऱ्हाइकाची कंबर आणि माझं वय या दोन गोष्टी मी कुणाला सांगत नाही, त्यामुळे तुलाही नक्की ठाऊक नव्हतं. तुझ्या आईला आहे, पण ती माझी लाज राखते. म्हणून हिवाळ्याचा एवढा आग्रह. पोरगी बोटभर लवकर पडली, आणि मी तिच्यासाठी दोन महिन्यांनी म्हातारा होणार. मला वाईट वाटलं. का वाटू नये?

चिंगीला यातलं काही बोलू नकोस. तिचे ते जाड तळवे मी काढून ठेवलेत. तुझी आई ते खुर्चीच्या डुगडुगत्या पायाखाली लावणार आहे.

तुझे,
बाबा

२१ मे

चि. माऊ,

चिंगी आत झोपली आहे, उन्हानं नाक सोललंय, बाकी उत्तम आहे. आंघोळ करायला तयार नाही, कारण हातावर पार्काचा शिक्का आहे. दुपारी जेवताना एक हात टेबलाबाहेर धरून जेवली.

तुझं पत्र मिळालं होतं. "बाबा, केस काळेभोर ठेवता, पाठ ताठ आहे, साठ सांगितलेत तरी कोण हिशोब विचारणार? तिचा हिरमोड करू नका." वाचून बरं वाटलं हे कबूल करतो. तुझ्या आईचंही मत पडलं, "अहो, एवढ्यानं काय बिघडतंय?" मग मीही मनात ठरवून टाकलं. त्रेसष्ट सांगायचं. साठ म्हणजे जरा जास्तच होईल. आरशात बघून दोनदा म्हणूनही पाहिलं.

काल पार्कात गर्दी मी सांगितली होती तशीच. रांगेत इतका वेळ उभे होतो की पुढच्या कुटुंबाचं भांडण आणि समेट दोन्ही आमच्यासमोर झालं. दारावर तोच माणूस होता. चिंगी खांबापाशी गेली आणि कुणी काही म्हणायच्या आत खाली बसून तिनं बूट काढले, मोजेही काढले. फरशी तापलेली, ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. तरी मोजायच्या वेळी टाचा टेकवून, हनुवटी सरळ ठेवून उभी राहिली. डोकं रेघेच्या वर गेलं. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

तो माणूस माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मास्तर, आता वय विचारावं लागतं, नियम कडक झालेत. पासष्टच्या आत ना? नुसतं हो म्हणा."

माऊ, नुसतं हो म्हणायचं होतं. त्रेसष्टसुद्धा म्हणायचं नव्हतं. चिंगी बूट हातात धरून, अनवाणी, माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्यासमोर मला ते हो म्हणवेना.

मी म्हटलं, "पासष्ट पूर्ण झाले. मार्चमध्ये."

चांगलं मोठ्यानं म्हणालो बहुतेक, कारण मागची दोन-चार माणसं बघायला लागली. तुझी आई पाठीमागून म्हणाली, "झालं बाई एकदाचं." चिंगीला कळायला जरा वेळ लागला. मग तिचा चेहरा पडला. म्हणाली, "म्हणजे तुम्ही आता कधीच नाही?" मी म्हटलं, "वावटळीत नाही. बाकी सगळीकडे आहे." ती म्हणाली, मग मीही नाही बसत. मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, मी हिवाळ्यात गेलो तेव्हा तू खाली उभी होतीस, आणि वरून मला गर्दीत तू एकटीच दिसत होतीस. वळणं तुला पाठ आहेत. तिसऱ्या वळणानंतर उजवीकडे बघ, मी कठड्याशी असेन.

ती गेली. एकटीच, हनुवटी वर करून. दांडा खाली आला आणि तिच्या खांद्यावर नीट, अंगाबरोबर बसला. मी ते लांबूनही पाहिलं. मग तिचे बूट हातात घेऊन कठड्याशी जाऊन उभा राहिलो, ती हिवाळ्यात होती त्याच जागी. मला भीती वाटत होती, अभिमान वाटत होता, आणि थोडा हेवाही वाटत होता. तिसऱ्या वळणानंतर एक हात हलला. तो तिचाच होता याबद्दल तुझी आई साशंक आहे, मी नाही.

खाली आली ती केस पिंजारलेली, घसा बसलेला. बूटही न घालता माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही ओरडला नाहीत हे खोटं आहे. तिथे ओरडल्याशिवाय कुणाला राहता येणारच नाही." मी कबूल केलं. मग आम्ही बाकावर बसून वळण न् वळण लावून पाहिलं, तिचं आणि माझं. दुसऱ्या उतारावर पोट कुठे जातं यावर एकमत झालं नाही. तुझी आई म्हणाली, दोघं शेजारी बसला असतात तरी इतकं बोलला नसतात.

तू मागे विचारलं होतंस, कुठली सुट्टी बरी. मी तेव्हा फार ठासून उत्तर दिलं होतं, ते आता मागे घेतो. आम्हाला दोन्ही लागल्या. एक तिनं खाली उभं राहायची आणि एक मी.

तिच्या शाळेच्या गणवेशाचं कापड पाठव. या खेपेस माप आजचं घेईन, आणि वाढत्या अंगाचं वेगळं लिहून ठेवीन.

तुझे बाबा,
वय पासष्ट, पूर्ण